वळचणीखालची कागदी वसाहत



कसाऱ्याच्या आसपास किंवा शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या वाडीवर गेलात, तर घरांच्या वळचणीकडे जरा नजर टाका. कौलांखालचा वासा, गोठ्याचे आढे, शाळेच्या खिडकीची चौकट, ओढ्यावरच्या मोरीखालची कोरडी जागा, अशा एखाद्या ठिकाणी करड्या रंगाची, देठाने उलट्या टांगलेल्या कमळाच्या बोंडासारखी वस्तू दिसेल. तिच्यावर दहा-वीस सडपातळ माश्या बसलेल्या असतील. ते गांधीलमाशीचे पोळे. ते दिसले की घरातले कोणीतरी लांब काठीला चिंधी बांधते, ती रॉकेलमध्ये बुडवते आणि पोळे जाळून टाकते. गांधीलमाशीशी आपली ओळख बहुधा एवढीच असते. ती चावते, म्हणून ती नको.

पण त्या पोळ्यात एक कोडे दडलेले आहे. जीवशास्त्रातल्या मोठ्या कोड्यांपैकी ते एक आहे. पोळ्यावर वीस माद्या असतील, तर अंडी घालणारी एकच असते. बाकीच्या एकोणीस जणी तिच्या पिलांना भरवतात, घर बांधतात, राखण करतात आणि बहुतेक जणी स्वतःचे एकही अंडे न घालता मरून जातात. आता कोणी म्हणेल, मधमाश्यांतही असेच असते, त्यात नवल काय? नवल असे, की मधमाशीची राणी कामकरी माशीहून वेगळी दिसते. ती मोठी असते, तिचे शरीरच अंडी घालण्यासाठी घडलेले असते. आपल्या या गांधीलमाशीत राणी आणि कामकरी अगदी सारख्या दिसतात. कामकरी माशीला अंडी घालता येणारच नाहीत, असेही नाही. तरी ती घालत नाही. का? या एका प्रश्नाचा माग आपण आज काढणार आहोत.

ही गांधीलमाशी कोणती?

गांधीलमाशी हे एका माशीचे नाव नाही. मातीची कुपी करून तीत अळ्या कोंबणारी कुंभारीण माशी वेगळी. ती एकटी राहते. झाडाच्या ढोलीत घर करणाऱ्या मोठ्या, दांडग्या गांधीलमाश्या आणखी वेगळ्या. आपण बोलत आहोत ती कागदाचे पोळे करणारी, तांबूस तपकिरी रंगाची, सुमारे एक-सव्वा सेंटिमीटर लांबीची माशी. तिचे शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. मार्जिनाटा म्हणजे काठ असलेली. तिच्या पोटावरचा पिवळा पट्टा पाहिला की काठाच्या लुगड्याची आठवण होते. लपलतिए नावाच्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८३६ साली तिचे वर्णन केले. दक्षिण भारतात आणि महाराष्ट्रात ती सर्वत्र आढळते.

या माशीचे सर्वांत सखोल संशोधन आपल्याच देशात झाले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. राघवेंद्र गदगकर यांनी विद्यार्थिदशेत कॉलेजच्या खिडक्यांवर तिची पोळी पाहिली. पुढे त्यांनी पीएच.डी. केली ती रेणुजीवशास्त्रात, पण या माश्यांचे वेड सुटले नाही. अखेर तोच त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला. या संशोधनाची सुरुवात झाली ती घड्याळ, वही, रंगाची बाटली आणि बसायला एक स्टूल एवढ्या साधनांनी. कसाऱ्याच्या शाळेत यांतले काय नाही, ते तुम्हीच सांगा!

कागदाचा कारखाना

आधी घर पाहू. एखाद्या दुपारी जुन्या दारावर, उन्हापावसाने करड्या पडलेल्या कुंपणाच्या काठीवर किंवा वाळलेल्या कारवीवर एक गांधीलमाशी मागेमागे सरकताना दिसेल. कान देऊन ऐकलेत तर बारीक खरखर ऐकू येईल. ती जबड्याने लाकडाचे तंतू खरवडत असते. त्या तंतूंत लाळ मिसळून ती एक छोटी गोळी करते, पोळ्यावर आणते आणि चावून चावून तिची पातळ पट्टी भिंतीच्या कडेला लावते. ओली पट्टी वाळली की कागद तयार! निरनिराळ्या लाकडांचे तंतू वापरल्यामुळे पोळ्याच्या भिंतीवर करडे, तपकिरी, पांढुरके पट्टे दिसतात.

माणूस पूर्वी चिंध्यांपासून कागद करीत असे. १७१९ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने विज्ञान अकादमीपुढे सांगितले, की गांधीलमाश्या लाकडापासून कागद करतात, मग आपल्याला का जमू नये? लाकडाच्या लगद्यापासून मोठ्या प्रमाणावर कागद होऊ लागला तो त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तुमच्या हातातले हे पान ज्या रीतीने तयार झाले, ती रीत गांधीलमाशीला आपल्या कितीतरी आधी ठाऊक होती.

पोळ्यातली प्रत्येक खोली षट्कोनी असते. याचे गणित करून पाहा. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची खोली हवी असेल, तर समभुज त्रिकोणाची परिमिती ४.५६ सेंटिमीटर येते, चौरसाची ४ आणि नियमित षट्कोनाची ३.७२. वर्तुळाची त्याहून कमी, म्हणजे ३.५४ येते खरी, पण वर्तुळे शेजारी शेजारी ठेवली की मध्ये फटी राहतात. तेव्हा फट न ठेवता, कमीत कमी भिंतीत, सारख्या आकाराच्या जास्तीत जास्त खोल्या हव्या असतील तर षट्कोनच हवा. हे पूर्वीपासून सर्वांना वाटत होते, पण त्याची काटेकोर गणिती सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९९ साली दिली. आपल्या माशीला प्रत्येक गोळीसाठी पायपीट, म्हणजे पंखपीट, करावी लागते. भिंत वाचली की तिची फेरी वाचते.

सारे पोळे एका बारीक देठावर लटकलेले असते. यातही फायदा आहे. मुंगीला पोळ्यात शिरायचे तर त्या देठावरूनच यावे लागते. कागदी गांधीलमाश्यांच्या काही जाती पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतला स्राव देठाला चोपडतात. मुंग्या त्याला टाळतात. आपल्याकडे धान्याच्या डब्याखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, तशातलाच हा प्रकार. उन्हाळ्यात या माश्या पाण्याचे थेंब आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि पोळे थंड राहते. माठातले पाणी गार होते तेही याच नियमाने.

घरात कोण कोण असते?

राणी प्रत्येक खोलीच्या तळाशी एक अंडे चिकटवते. त्यातून पांढरी, बिनपायांची अळी निघते. खोलीचे तोंड खाली असूनही ती पडत नाही, कारण तिचे मागचे टोक खोलीला चिकटलेले असते. पुरेशी वाढली की ती स्वतःच्या लाळेचे रेशीम काढून खोलीच्या तोंडावर टोपण विणते आणि आत कोश होते. शेवटी टोपण कुरतडून माशी बाहेर पडते. अंडे ते माशी या प्रवासाला सुमारे दोन महिने लागतात. हा दोन महिन्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

मोठी माशी आणि अळी यांचे जेवण वेगळे. माशीची कंबर इतकी बारीक, की तिच्यातून घट्ट अन्न पोटात उतरत नाही. ती फुलांतला मध, फळांचा रस असे पातळ पदार्थ घेते. अळीला मात्र वाढीसाठी प्रथिने हवीत. म्हणून माश्या शेतातल्या, परसातल्या सुरवंटांची शिकार करतात, त्यांचा चावून गोळा करतात आणि अळ्यांना भरवतात. वांगी, भेंडी यांच्या पानांवरच्या अळ्या वेचणारी ही बिनपगारी राखणदार आहे. भरवून घेतल्यावर अळी लाळेचा एक थेंब देते. त्यात साखर आणि अमिनो आम्ले असतात, आणि तो मोठ्या माश्या चाटून घेतात. म्हणजे घरातली बाळे आईमावश्यांना खाऊ घालतात, असेही म्हणता येईल!

नर असतात, पण थोडे आणि थोड्या दिवसांचे पाहुणे. जन्मल्यावर काही दिवस ते पोळ्यावर राहतात आणि मग कायमचे निघून जातात. त्यांना नांगी नसते, कारण नांगी हा मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचा बदललेला प्रकार आहे. ते घरकाम करीत नाहीत. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माद्या दूर ठेवून नरांच्या तोंडाशी भरपूर अन्न दिले, तेव्हा त्यांनी अळ्यांना भरवले! जमत होते तर. संधीच मिळत नव्हती.

युरोपातल्या थंड देशांत अशा माश्यांच्या वसाहती हिवाळ्यात संपतात. राणी एकटी कुठेतरी दडून राहते आणि वसंतात नवे पोळे सुरू करते. आपल्याकडे तसा कडाका नाही. वर्षभर केव्हाही पोळे सुरू होते, चालत राहते, आणि एक राणी गेली तर दुसरी तिची जागा घेते. मोठ्या पोळ्यावर शंभराहून अधिक माद्या असू शकतात. उलट, एकटी माशीही नवे पोळे सुरू करते. म्हणजे तिला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत: एकटीने संसार थाटायचा, नाहीतर दुसरीच्या घरी राबायचे.

पाठीवरचा रंगाचा ठिपका

सगळ्या सारख्या दिसतात, तर राणी ओळखायची कशी? संशोधकांनी उपाय केला तो असा: प्रत्येक माशीच्या पाठीवर चटकन वाळणाऱ्या रंगाचे ठिपके दिले. एकीला लाल, दुसरीला पिवळा-निळा, तिसरीला पांढरा. प्रत्येकीला स्वतंत्र ओळख मिळाली. मग पोळ्यासमोर बसून, ठरलेल्या वेळी प्रत्येक माशी काय करते आहे ते तासन्‌तास लिहून काढायचे. कोण बसली आहे, कोण मिशा उंचावून सावध आहे, कोण खोल्या तपासते, कोण बाहेर गेली, कोणी कोणाला चावा घेतला.

मी शिकवतो पदार्थविज्ञान, कीटकशास्त्र नव्हे. पण मोजमापाशिवाय विज्ञान नाही, हे दोन्हीकडे सारखेच. गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८३ साली या नोंदींचे गणित मांडले, तेव्हा पोळ्यावरच्या माश्या आपोआप तीन गटांत पडल्या. एक गट बैठ्यांचा, दुसरा भांडखोरांचा, तिसरा बाहेर हिंडून अन्न आणणाऱ्यांचा. आता सांगा, राणी कोणत्या गटात असेल? भांडखोरांत, असेच ना? शास्त्रज्ञांनाही तसेच वाटावे अशी परिस्थिती होती, कारण परदेशातल्या काही कागदी गांधीलमाश्यांत राणी सर्वांना दटावून, चावून सत्ता राखते हे माहीत होते. पण रोपालिडिया मार्जिनाटाची राणी निघाली बैठ्यांत! ती शांत असते, क्वचितच कोणावर धावून जाते. तिचीच भारतीय बहीण रोपालिडिया सायथिफॉर्मिस हिची राणी मात्र चांगली भांडखोर आहे.

मग भांडखोर माश्या कशासाठी भांडतात? पुढच्या अभ्यासात असे दिसले, की हे दटावणे अन्न आणणाऱ्यांना कामाला लावण्यासाठीही असते. घरात राहणाऱ्या माश्यांना अळ्या भुकेल्या आहेत हे कळते. त्या बाहेर जाणारीला ढुशी देतात, चावा घेतात, आणि ती निघते शिकारीला. हुकूम राणीकडून येत नाही. भुकेल्या अळीपासून तो हातोहात पोचतो. कामांची वाटणीही बरीचशी वयाप्रमाणे होते. लहान माशी अळ्यांना भरवते, मग बांधकाम करते, पुढे लगदा आणते आणि वय झाल्यावर अन्नासाठी दूर जाते. धोक्याचे काम शेवटी.

राणी गेली तर?

राणी शांत, तरी दुसरी कोणी अंडी घालत नाही. तिचा वचक कशाचा? हे शोधायचा सोपा मार्ग म्हणजे राणीला हळूच उचलून बाजूला ठेवणे. तसे केले की काही मिनिटांतच एक कामकरी माशी एकदम बदलते. ती इतरांवर धावून जाते, चावते, दिवसभरात कितीतरी वेळा. राणी परत ठेवली, की तीच माशी पुन्हा निमूट कामाला लागते. राणी परत आणलीच नाही, तर सुमारे आठवड्याभरात तिचा आक्रमकपणा ओसरत जातो, ती अंडी घालू लागते, आणि एक नवी शांत राणी तयार होते.

मधून तारेची जाळी घातली तर राणी पलीकडे असूनही अलीकडच्या माश्यांना तिची जाणीव होत नाही. म्हणजे राणीची खूण हवेतून पसरणारा वास नव्हे. राणी अधूनमधून पोटाचे टोक पोळ्यावर घासत फिरते, आणि ही खूण तिच्या पोटातल्या ड्यूफोर ग्रंथीतून येते असे प्रयोगांत दिसले. राणी काढून घेतल्यावर तिच्या ग्रंथीचा अर्क पोळ्यावर लावला, तर धावून जाणाऱ्या वारस माशीचा जोर कमी होतो. कामकरी माशीच्या ग्रंथीचा अर्क लावून तसे होत नाही. म्हणजे राणी पोळ्यावर जणू आपली सही करीत फिरते: ‘मी आहे.’

आता खरी गंमत. राणी असताना ही वारस माशी कोण, हे संशोधकांना कितीही नोंदी करून आधी ओळखता येईना. ती सर्वांत मोठी नसते, सर्वांत भांडखोरही नसते. मग प्रश्न असा: माणसाला कळत नाही, पण माश्यांना तरी कळते का? अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी याचे उत्तर २००८ साली एका सुंदर प्रयोगाने दिले. त्यांनी पोळे मधोमध कापून दोन भाग केले, मध्ये जाळी घातली आणि माश्या दोन्हीकडे वाटल्या. राणी एका बाजूला. बिनराणीच्या बाजूला अर्थातच एक वारस पुढे आली. मग राणी आणि ही वारस यांच्या बाजू बदलल्या. विचार करा: वारस जर त्या त्या वेळी, समोर असलेल्यांतून कशीबशी ठरत असेल, तर नव्या बाजूच्या माश्या या आगंतुकाला का मानतील? पण प्रत्येक पोळ्यात एक माशी अशी निघाली, की तिला दोन्ही बाजूंनी विरोध न करता मानले. काही पोळ्यांत ती पहिलीच वारस होती. काहींत दुसऱ्या बाजूला तिच्याहून हक्काची माशी होती, आणि मग पहिलीने माघार घेतली. म्हणजे वारस आधीच ठरलेली असते. ती माणसाला दिसत नसली तरी माश्यांना ठाऊक असते.

२०१२ साली आलोक बंग आणि गदगकर यांनी आणखी पुढे जाऊन राणीनंतर वारसही काढून घेतली. दुसरी पुढे आली. तिलाही काढले, तिसरी आली. अशा एकामागून एक पाच वारसांपर्यंत त्यांनी रांग तपासली. प्रत्येक वेळी एकच माशी पुढे आली आणि बाकीच्यांनी तिच्याशी गादीसाठी झगडा केला नाही. रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत आपल्याला हे जमते का, याचा विचार करा! रांगेत वयाने मोठ्या माश्या साधारणपणे पुढे असतात, पण क्रम निव्वळ वयानुसार नसतो. माश्या तो कोणत्या खुणेवरून ओळखतात, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाच्या हाती अजून आलेले नाही.

दुसरीसाठी का राबायचे?

आता आपण मूळ कोड्याकडे येऊ. राबणाऱ्या माशीचा फायदा काय? १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक उत्तर सुचवले. माझी गुणसूत्रे पुढच्या पिढीत जायची, तर ती माझ्या मुलांतूनच जायला हवीत असे नाही. माझ्या भावाबहिणींतही तीच गुणसूत्रे काही प्रमाणात असतात. शिवाय मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांच्यात नर फलित न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्यामुळे एका नराच्या सर्व मुली बापाकडून सारखाच वारसा घेतात. हिशोब केला तर सख्ख्या बहिणींत तीन चतुर्थांश साम्य येते, आणि आई-मुलीत निम्मेच. मग स्वतःच्या मुलीपेक्षा बहीण वाढवणे फायद्याचे नाही का?

हिशोब देखणा आहे, पण आपल्या माशीला तो पुरेसा लागू पडत नाही. बंगळूरच्या संशोधकांनी १९८६ साली दाखवून दिले, की तिची राणी एकाहून अधिक नरांशी समागम करते. समजा दोन नर आहेत आणि दोघांच्या मुली सारख्या संख्येने आहेत. एका बापाच्या बहिणींत साम्य ३/४, वेगळ्या बापांच्या बहिणींत १/४. सरासरी काढा: १/२. मुलीएवढेच! त्यात राण्या बदलत राहतात, म्हणजे कामकरी माशी बहिणींऐवजी भाच्या किंवा मावसबहिणीही वाढवीत असते. साम्य आणखी घटते. नात्याने कोडे पुरते सुटत नाही.

दुसरा धागा माशीच्या शरीराकडे जातो. कोशातून बाहेर पडलेल्या माश्या एकेकट्या डब्यांत ठेवल्या, त्यांना भरपूर अन्न दिले, राणी किंवा सोबतीण कोणी नाही, तरी साधारण निम्म्याच माश्यांनी पोळे करून अंडी घातली. अळी असताना ज्यांना चांगले खायला मिळाले होते, त्या यात पुढे होत्या. तेव्हा सर्व माश्या बाहेरून सारख्या असल्या, तरी आतून सारख्या नसतात. जिला स्वतःचा संसार जमण्याची आशा कमी, तिने दुसरीच्या संसाराला हातभार लावणे शहाणपणाचे ठरते.

आणि आता तो दोन महिन्यांचा आकडा. तुमच्यापैकी मोठ्या वर्गातल्यांनी किरणोत्सर्गी पदार्थाचे अर्धायुष्य शिकले असेल. तेच गणित इथे लावू. आकडा केवळ हिशोबासाठी घेऊ: समजा, आज जिवंत असलेल्या १०० माश्यांपैकी ९७ उद्या जिवंत असतात. बाहेर पक्षी आहेत, कोळी आहेत, पाऊस आहे. तर २३ दिवसांनी निम्म्या उरतील, ४६ दिवसांनी पाव, आणि ६० दिवसांनी १०० पैकी अवघ्या १६. एकटी माशी अंडे घालून त्याची माशी होईपर्यंत जगली पाहिजे. त्याआधी ती मेली, तर अंडे, अळी, कोश सारेच उपाशी मरतात किंवा मुंग्या खातात. ५९ दिवसांची मेहनत शून्य होते. म्हणजे १०० पैकी ८४ जणींच्या हाती काहीच लागत नाही.

पण तीच माशी भरल्या घरात राहिली आणि दहाच दिवस काम करून मेली, तर? तिने दहा दिवस भरवलेल्या अळ्या दुसरी भरवते. तिचे दहा दिवस वाया जात नाहीत. कसाऱ्याच्या मुलांना हे चटकन कळेल. कसारा ते इगतपुरी घाट १ ला ३७ इतका चढाचा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर चढ. म्हणून अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने, बँकर, लावतात. ती इगतपुरीला सुटतात आणि परत येतात. गाडी पुढे दूर कुठे जाणार ते ती पाहत नाहीत, पण त्यांचा जोर वाया गेला असे कोणी म्हणेल का? गाडी चालू ठेवणारे पुढे कोणीतरी आहे, म्हणून घाटापुरत्या जोरालाही किंमत आहे. गदगकरांनी १९९० साली हाच विचार गणिताने मांडला. समूहात केलेल्या अर्धवट कामाचेही फळ नक्की मिळते, एकटीने केलेले अर्धवट काम फुकट जाते. या फरकामुळे बहुसंख्य माश्यांना घरात राहणे परवडते. आणि शेवटी आशाही आहेच. रांगेत नंबर लागला, तर आजची कामकरी उद्याची राणी.

समूहाचा आणखी एक उपयोग संकटात दिसतो. व्हेस्पा ट्रॉपिका नावाची मोठी, काळी, पोटावर पिवळा पट्टा असलेली गांधीलमाशी ही या पोळ्यांची मोठी शत्रू. ती आली की लहान माश्या पोळे सोडून पळतात, आणि ती अळ्या फस्त करते. पण माश्या वाचलेल्या असतात. त्या पुन्हा घर उभारतात.

तुम्ही काय कराल?

पोळे जाण्यायेण्याच्या वाटेवर, पाळण्याजवळ किंवा दाराशी असेल तर ते हलवायला मोठ्या माणसांना सांगावेच लागेल. पण गोठ्याच्या कोपऱ्यात, कोणाच्या आड न येणारे पोळे असेल तर ते जाळू नका. दोन-तीन मीटर अंतरावर शांत बसा. पोळ्याला हात लावू नका, दगड मारू नका, तोंडाने फुंकर घालू नका. रंग लावायचे काम अनुभवी संशोधकांचे. ते तुम्ही करू नका. गांधीलमाशीची नांगी मधमाशीसारखी अंगात अडकून राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते. डंख झालाच तर पोळ्यापासून दूर जा आणि ती जागा धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवा. पण श्वास लागला, ओठ-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा एकदम पुष्कळ डंख झाले, तर एक क्षणही न दवडता दवाखान्यात जा.

एक वही करा. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी लिहा: खोल्या किती, पांढरी टोपणे किती, माश्या किती, कोणी तोंडात काय आणले. पोळ्याचे चित्र काढा. जूनमध्ये पागोळ्या गळू लागल्यावर आकडे कसे बदलतात, मार्च-एप्रिलच्या उन्हात पंख हलवणाऱ्या किती दिसतात, ते पाहा. एखाद्या खोलीवर टोपण आल्याची आणि ते फुटल्याची तारीख लिहिलीत, तर कोश किती दिवसांचा हे तुम्हाला पुस्तक न उघडता सांगता येईल. दोन मित्रांनी वेगवेगळ्या पोळ्यांच्या वह्या केल्या, तर त्या ताडून पाहा आणि फरक का पडला यावर वाद घाला.

आणि एखाद्या दिवशी पोळ्यावर अचानक एकच माशी साऱ्यांच्या अंगावर धावून जाताना दिसली, तर तारीख-वेळ लिहून ठेवा. कदाचित त्या दिवशी तिथली राणी गेली असेल आणि रांगेतली पहिली पुढे आली असेल. ती आठवड्याभरात शांत होते का, तेवढे मात्र न चुकता पाहा.